तटाबाहेरचे शिपाई

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यास तोंडाचा कर्करोग झाला. मुलानें दोन एकर जमीन विकून इम्युनोथेरपीचीं इंजेक्शनें दिलीं. गुण आला नाहीं. त्याच औषधानें शेजारच्या खाटेवरील रोगी सुधारला होता. "आमचें नशीब," असें मुलगा म्हणाला. आम्हांस तें पटलें नाहीं. कारण या भेदाचें एक कारण आतां गांठींतच दिसूं लागलें आहे.

हें औषध कर्करोगाच्या पेशींस स्वतः मारीत नाहीं. शरीरांतील रक्षकपेशींवर जो आवर असतो, तो तें उठवितें. या शोधाबद्दल ॲलिसन व होंजो यांस २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु ज्यांचा आवर उठवावयाचा, ते शिपाई गांठींत पोंचलेच नसतील तर? सूक्ष्मदर्शकाखालीं कांहीं गांठींत रक्षकपेशी आंत शिरलेल्या दिसतात, कांहींत त्या कडेच्या तंतुमय भागांतच अडकून पडतात, तर कांहींत जवळजवळ नसतातच. क्वचित् 'बी' व 'टी' या दोन जातींच्या पेशी आपापल्या जागा धरून तेथें छावणीच घालतात. जणूं काय काखेंतील लसीकाग्रंथि गांठींत नव्यानें उभी राहिली! अशा छावण्या असलेल्या रोग्यांस औषधाचा गुण अधिक येतो, असें २०२० सालीं 'नेचर' नियतकालिकांतील तीन निबंधांनीं दाखविलें. आमच्या नगरच्या किल्ल्यास १५९६ सालीं सुरुंगानें खिंडार पडलें, तें चांदबिबीनें रातोरात बुजविलें. तेंहि निव्वळ संख्येचें काम नव्हतें.

मात्र ते निबंध मुख्यतः त्वचा, मूत्रपिंड व मृदु ऊति यांच्या कर्करोगांविषयीं होते. आमच्या जिल्ह्याचें दुखणें मशेरी-तंबाखूचें. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें व त्याच दशकांत तेथील डॉ. खानोलकर यांनीं तोंडाच्या कर्करोगाचा तंबाखूशीं असलेला संबंध अभ्यासिला. याच रुग्णालयानें २०२२ सालीं डोकें व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांपैकीं सुमारें निम्म्यांस पोटांत घ्यावयाच्या औषधांबरोबर निव्होल्युमॅब दर तीन आठवड्यांनीं अवघें २० मिलिग्रॅम दिलें. एरव्हींची मात्रा दर दोन आठवड्यांस २४०. वर्षाअखेर जिवंत राहणाऱ्यांचें प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलें. जमीन विकणाऱ्यांस ही केवढी मोठी बातमी!

तरीहि निम्म्याहून अधिक रोगी वर्ष काढूं शकले नाहींत. आमचें म्हणणें इतकेंच कीं, बायॉप्सीचा तुकडा प्रत्येकाचा काढलेलाच असतो. त्यांत रक्षकपेशी किती व कोठें आहेत, याची नोंद आमच्या जिल्ह्यांतील रोग्यांचीहि व्हावी. एवढ्यावरून कोणास औषध नाकारावें, असें आम्ही म्हणत नाहीं. ही कसोटी अजून तितकी पक्की झालेली नाहीं. पण नोंदच नसेल तर ती पक्की व्हावी कशी?

त्या शेतकऱ्याचा अहवाल मुलानें आम्हांस दाखविला. गांठीचें नांव, आकार, खोली, सर्व कांहीं त्यांत होतें. रक्षकपेशींविषयीं एक ओळहि नव्हती.