धावपट्टी बंद आहे, हे सांगणार कोण?



उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाच जणांचा जीव घेणाऱ्या २८ जानेवारी २०२६च्या विमान अपघाताबद्दल आमच्या गावात रोज नवी कहाणी ऐकू येते. घातपात होता का, कुणाचा हात होता, ते चौकशी करणारे बघतील. मला छळणारा प्रश्न साधा आहे: त्या सकाळी ‘बारामतीत उतरू नका’ असं सांगायचा अधिकार कुणाला होता?

कुणालाच नव्हता. बारामती हा तेव्हा ‘अनियंत्रित’ विमानतळ होता, हे नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच निवेदनात सांगितलं. इथे रेडिओवर माहिती देत ते वैमानिक प्रशिक्षण संस्थांचे प्रशिक्षक आणि वैमानिक. त्यांनी कळवलं, वारा शांत, दृश्यता सुमारे ३,००० मीटर. पहिल्या खेपेला धावपट्टी दिसली नाही, म्हणून वैमानिकांनी विमान परत वर नेलं. दुसऱ्या खेपेलाही आधी दिसेना, मग दिसली म्हणाले. ८.४३ला उतरायची परवानगी मिळाली आणि ८.४४ला धावपट्टीच्या तोंडाशी ज्वाळा दिसल्या.

नुसत्या नजरेच्या भरवशावर उतरायचं तर नियमाने ५ किलोमीटरपर्यंत दिसायला हवं. नियम होता, त्यावर बोट ठेवून ‘पुण्याला जा’ म्हणणारा माणूस नव्हता. माघातलं धुकं काही आभाळातून अचानक पडत नाही. नीरा डाव्या कालव्याकाठचे उसाचे फड या दिवसांत सकाळी धुक्यात बुडालेले असतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

नियंत्रक असला म्हणजे अपघात टळतो, असं मी म्हणत नाही. बारामतीत पडलेलं विमान ज्या कंपनीचं, तिचंच एक लिअरजेट १४ सप्टेंबर २०२३ला मुंबईत भर पावसात कोसळलं, तिथे तर सगळ्या सोयी होत्या. पण त्यातले आठही जण वाचले.

थोडं आपल्याबद्दलही. अजितदादा घड्याळ लावून येत, सकाळी सहाला कामाच्या पाहणीला हजर असत, याचा आपल्याला कोण अभिमान! त्या घड्याळाचा दाब कॉकपिटपर्यंत पोचला होता की नाही, मी सांगू शकत नाही. पण जिल्हा परिषदेच्या प्रचाराच्या ज्या सभेसाठी ते येत होते, ती दुपारी झाली असती, तर आपण उठून गेलो असतो का?

दादांसाठी तालुका रडला. बाकी चौघांची नावं किती जणांना आठवतात? आणि या धावपट्टीवरून रोज उडणाऱ्या शिकाऊ पोरांचं काय? जुलै २०२२मध्ये इंदापूरच्या कडबनवाडीत शिकाऊ विमान शेतात पडलं. ऑक्टोबर २०२३मध्ये बारामतीत चार दिवसांत दोन पडली. तेव्हा आपण फोटो काढले आणि घरी आलो.

अपघातानंतर हवाई दलाचं पथक लगेच आलं, नियंत्रण आणि हवामानाची माहिती सुरू झाली. म्हणजे करता येत होतं.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आणि राज्य सरकारने इथे नियंत्रक आणि हवामान केंद्र कायमचं द्यावं. तोवर ५ किलोमीटर दिसत नसेल, तर एकही प्रवासी विमान इथे उतरू देऊ नये, मग आत कोणीही बसलेलं असो. पुण्याहून गाडीने दोन-अडीच तासांत बारामती येते.

– एक ऊस उत्पादक, माळेगाव बुद्रुक (ता. बारामती)