कढीलिंबावरचे पाहुणे

मुलांना फुलपाखराची कविता शिकवायची असेल, तर आधी कढीलिंबाची डहाळी वर्गात आणावी, असे मी मराठीचा अध्यापक असूनही म्हणतो. शेजारच्या बालवाडीत मी ही गंमत पाहिली आहे.

लिंबावर येणाऱ्या फुलपाखराची अळी प्रथम पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. मुले नाक मुरडतात. पुढे ती हिरवीगार होते. डिवचली, की डोक्यामागून नारिंगी, उग्र वासाची शिंगे काढते आणि वर्गात एकच हशा! लिंबाच्या कुळाखेरीज दुसरा पाला ती सहसा खात नाही. म्हणून ताजी डहाळी आणण्याच्या पाळ्या लागतात.

मग कोश. तो काळवंडला, की "बाई, मेली!" अशी रडारड होते, पण ते आतल्या पंखांचे रंग दिसू लागलेले असतात. एखादा कोश मात्र खरोखरच उघडत नाही. वाचकहो, तो गुपचूप फेकू नये. मुलांना खरे सांगावे. या बाईंनी सांगितले. दुसऱ्या दिवशी बाकीची फुलपाखरे पंख वाळवून खिडकीबाहेर गेली, तेव्हा त्या न उघडलेल्या कोशाला रोज पाला घालणारा मुलगाच सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवीत होता.