वर बघ, वर बघ!

जेवताना कोणाला ठसका लागला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. टाळूवर थापटायचे आणि "वर बघ, वर बघ" म्हणायचे. धडधाकट माणसाला हे खपून जाते. अर्धांगवायूच्या रुग्णाला खपत नाही.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाला झटका आला. सहाव्या दिवशी रुग्णालयाने घरी सोडले. सोबत गोळ्यांची यादी, हातापायांचे व्यायाम, पुढच्या तपासणीची तारीख. त्याला नीट गिळता येते का, हे मात्र कोणी पाहिले नव्हते. घरी आम्ही मायेने तुटून पडलो. उशीवर टेकलेल्या माणसाच्या तोंडात पेज, चहा, "पाणी तरी घे रे" म्हणून पाणी. तो ठसकत होता, आम्ही "वर बघ" म्हणत होतो. आठवड्यात न्यूमोनिया झाला.

दुसऱ्या दवाखान्यात स्पीच थेरपिस्ट मुलगी आली. मी म्हणालो, "अगं, बोलण्याचं नंतर बघू, आधी तो जगू दे." ती म्हणाली, "आजोबा, मी गिळणंच बघायला आलेय."

मला लाज वाटली. मुलांच्या जिभेवर 'ळ' बसवण्यात माझी नोकरी गेली, पण तीच जीभ घासही मागे ढकलते हे कधी मनात आले नाही. घशात श्वासाची आणि अन्नाची वाट शेजारी शेजारी असते. गिळताना श्वासाची वाट क्षणभर बंद होते. झटक्यानंतर हे बंद होणे उशिरा किंवा अर्धवट होऊ शकते. पाणी सर्वांत वेगाने घसरते, म्हणून अनेकदा तेच जास्त धोक्याचे. मान वर केली तर धोका वाढतो. काहींना तर अन्न फुप्फुसाकडे जाऊनही ठसका लागत नाही.

हे ज्ञान आपल्या देशात नाही असे नाही. म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था १९६५ सालची, वांद्र्याची १९८३ची. दोन्हीकडे असे तज्ज्ञ तयार होतात. मग ते रुग्णाच्या खाटेपर्यंत का पोचत नाहीत? कारण त्यांचे काम फक्त तोतऱ्या-बोबड्या मुलांपुरते, अशी समजूत आपण करून घेतली आहे. आणि रुग्णालयांना ती सोयीची आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. झटका आलेल्या रुग्णाला गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडावाटे घोटभरही काही देऊ नये. तज्ज्ञ नसेल तिथे परिचारिकेला प्राथमिक चाचणी शिकवावी. घरी सोडतानाच्या कागदावर काय, किती दाट आणि कसे बसवून भरवायचे, हे मराठीत लिहावे. याला मोठे यंत्र लागत नाही. ज्याच्या घरी असा रुग्ण असेल त्याने हा कागद मागून घ्यावा, भीड धरू नये. आम्ही धरली.

भाऊ आता सरळ बसून, त्या मुलीने शिकवल्याप्रमाणे हनुवटी जरा खाली घेऊन, छोट्या चमच्याने खातो. परवा कोणी पाहुणा "वर बघ" म्हणाला, तर त्याने चांगल्या हाताने त्याला गप्प केले.