कातरणीला छप्पर द्या

मेंढपाळांचे प्रश्न निघाले म्हणजे चराईची बंदी, वनखाते, लांडगा आणि दुष्काळ यांची चर्चा होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु मेंढीच्या अंगावरची लोकर वर्षातून दोनदा ज्या जागी उतरविली जाते, त्या जागेविषयी कोणी अवाक्षरही काढीत नाही. जागा म्हणावी असे तेथे काही नसतेच. उघडे माळरान, फार तर एखाद्या बाभळीची विरळ सावली. चारी पाय बांधून धुळीत आडवी केलेली मेंढी. आणि तिच्यावर तासन् तास वाकून कातर चालविणारा माणूस. पट्टणकोडोलीच्या यात्रेत विठ्ठल-बिरदेवावर जी लोकर भक्तिभावाने उधळली जाते, तिची ही जन्मकथा आहे.

हा विषय पहिल्या पानावर कशाला, असे शहरातील काही वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे की, २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे सत्तावीस लाख मेंढ्या आहेत, आणि त्यांच्यावर जगणारा समाज आपल्याच वेशीबाहेरून दरवर्षी वाडे घेऊन जातो. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी; वर्षाकाठी जेमतेम अर्धा किलो निघते. आज अनेक ठिकाणी तिच्या विक्रीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही. म्हणून लोकर फेकली जाते, आणि कातर धरणारा तरुण दुसरे काम शोधतो. मेंढीची लोकर मात्र कोणी काढावयाची राहत नाही. ती न काढली तर उन्हाळ्यात जनावर तळमळते, अंगावर गोचिडी व उवा माजतात. तेव्हा हा प्रश्न लोकरीच्या भावापुरता नाही. तो माणसाच्या पाठीचा आणि मुक्या जनावराच्या आरोग्याचा आहे.

ज्या देशांनी लोकरीवर वैभव उभारले, त्यांनाही ही गोष्ट फुकट उमगली नाही. ऑस्ट्रेलियात १८९१ साली कातरणाऱ्यांनी मोठा संप केला, आणि तेथील मजूर चळवळीच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान मिळाले. न्यू साउथ वेल्सने १९०१ मध्ये कातरणाऱ्यांच्या निवासासाठी स्वतंत्र कायदाच केला. पुढे तेथील संशोधकांनी मेंढी ओढण्यास किती जोर लागतो हेही मोजले. जमिनीला दहास एक असा उतार दिला आणि लाकडी पट्ट्या ओढण्याच्या दिशेनेच बसविल्या, तर सर्वांत वाईट जमिनीच्या तुलनेत हा जोर सुमारे पंधरा टक्क्यांनी उतरतो, असे त्यांना आढळले. दिवसभरात शेकडो वेळा जे ओझे ओढावयाचे, त्यातील पंधरा टक्के म्हणजे पाठीच्या कण्याचे आयुष्यच होय.

मात्र तिकडची भव्य शेड जशीच्या तशी येथे आणून उभी करावी, असे आम्ही सुचवीत नाही. आपली मेंढी लहान, कळप फिरता, हत्यार हाताचे. आपल्याला हवे ते साधे आहे. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन आत कमी शिरेल आणि उत्तरेचा शांत उजेड कातरीवर पडेल. भिंती कमरेइतक्याच असाव्यात. नुसता पत्रा ठोकून भट्टी करू नये; कौले घालावीत किंवा पत्र्यावर गवताचा थर द्यावा, आणि आढ्याशी गरम हवेला वाट ठेवावी. मेंढ्या थांबण्याच्या जागी बांबूच्या किंवा लाकडाच्या पट्ट्यांची उंच जमीन करावी. लेंडी खाली पडेल, लोकर स्वच्छ राहील, आणि खत शेतकऱ्याला मिळेल. कातरणाऱ्यासाठी गुळगुळीत फळ्यांचा ओटा असावा, म्हणजे त्याला मातीत उकिडवे बसावे लागणार नाही. मेंढी कोरडी व उपाशीपोटी आणावी, जवळच्या कोंडीतून दोन पावलांत ओट्यावर यावी, आणि कातरून झाल्यावर सावलीच्या दुसऱ्या आवारात जावी. नुकत्याच भादरलेल्या मेंढीला अवकाळी पाऊस व गार वारा जीवघेणा ठरतो, हे कोणताही धनगर सांगेल.

याखेरीज पिण्याचे पाणी, बायामाणसांसाठी आडोशाचे शौचालय, आणि कातर धुण्यास जंतुनाशक औषध एवढे तरी हवेच. कातरीच्या जखमेतून धनुर्वात होतो, गाठींचा रोग एका मेंढीकडून दुसरीकडे जातो. छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठविता येईल. पुढे यंत्राची कातर आली तर सौरविजेवर ती चालेल. उरलेल्या महिन्यांत हेच छप्पर लसीकरणास उपयोगी पडेल.

धनगर एका जागी राहत नाही, मग शेड बांधून काय उपयोग, हा आक्षेप खरा आहे, पण निर्णायक नाही. वाड्यांच्या वाटा पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या आहेत. त्या वाटांवरील गायरानांत मोजक्या पक्क्या शेड बांधाव्यात, आणि दूरच्या माळांसाठी लोखंडी नळ्या, ताडपत्री व सुट्या फळ्यांची, टेम्पोत मावणारी घडीची शेड करावी. मात्र नकाशा कार्यालयात बसून काढू नये. ज्याच्या हातात कातर आहे, त्याला आधी विचारावे.

१९७८ साली स्थापन झालेले मेंढी व शेळी विकास महामंडळ आज अहिल्यादेवींचे नाव धारण करून आहे. २०१७ पासूनची महामेष योजनाही यशवंतराव होळकरांच्या नावाने चालते. या थोर नावांचा मान उद्घाटनाच्या फलकांनी राखला जात नाही. मेंढ्या वाढविण्याची घोषणा करणाऱ्या सरकारने, त्या मेंढ्यांपुढे वाकणाऱ्या माणसाची पाठही पाहावी. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक मेंढपाळ तालुक्यात निदान एक शेड उभी करावी, एवढीच आमची मागणी आहे. ती मोठी नाही. म्हणूनच ती टाळण्यास सबब उरत नाही.