बिलावर थर लिहा

या महिन्यात आलेली बरीच पत्रे वकिली नोटिशींबद्दल आहेत. मध्ये ईव्हीओएच, दोन्ही अंगांनी टाय लेयर, बाहेर पॉलिथिलीन अशा पाच थरांच्या फिल्मवर कुणीतरी पेटंट घेतले आहे. प्रत्येक पत्रात तेच वाक्य : "हे तर आम्ही कित्येक वर्षे काढतोय."

वाक्य खरे आहे. ईव्हीओएच दमट हवेत ऑक्सिजन अडवेनासे होते म्हणून ते आत झाकायचे, आणि पॉलिथिलीन त्याला धरत नाही म्हणून टाय लेयर घालायचा, हे लाइनवरचा ऑपरेटरही सांगेल. कारखान्यातली नेहमीची सुधारणा म्हणजे शोध नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये, भांडी लेथवर धरण्याच्या साधनाच्या खटल्यात सांगून ठेवले आहे. पुण्याच्या बिलकेअरने औषधांच्या पॅकिंग फिल्मच्या पेटंटवरून अमरतारावर दावा लावला, तेव्हा 2007 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. पेटंट नवे होते आणि त्याच्या वैधतेवरच प्रतिवादीने बोट ठेवले होते.

बोट ठेवायला मात्र कागद लागतो. नोटीस आलेल्या एका वाचकाकडे आम्ही जुनी बिले मागितली. सगळ्यांवर एकच मजकूर : 'मल्टिलेयर फिल्म, 90 मायक्रॉन'. थरांचा क्रम कुठेच नाही. शेजारचा नक्कल करील या भीतीने लिहिलाच नव्हता. जॉब कार्डावर होता, ती कार्डे रद्दीत गेली. आणि ती सापडली असती तरी पुरली नसती, कारण कायदा भारतातला उघड वापर विचारतो; बंद दाराआडची नोंद त्यात बसेलच असे नाही. गिऱ्हाइकाकडे गेलेले बिल, चलन, तपासणी दाखला हाच आपला पुरावा, आणि तोच आपण कोरा ठेवला.

पेटंट कार्यालयाचा परीक्षक छापील कागद शोधतो, आपल्या डायसमोर येऊन उभा राहत नाही. त्यात 2024 च्या नियमदुरुस्तीने मंजुरीपूर्व हरकतीला शुल्क लावले, आणि हरकत ऐकण्याजोगी आहे का हेही नियंत्रक आधी ठरवणार. लहान कारखानदाराला उघडे असलेले दार असे अरुंद करणे चूक आहे.

पण त्या दाराशी आपल्यातले किती जण जातात? पेटंट जर्नल दर शुक्रवारी निघते, फुकट वाचता येते. मंजुरीआधी कुणालाही हरकत घेता येते. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर फक्त हितसंबंधीयाला, तीही एका वर्षात. आपण जागे होतो नोटीस आल्यावर. मग उरते ते रद्दीकरणाचे प्रकरण आणि वकिलाची फी.

पुनर्वापराच्या नियमांमुळे आता सगळेच निव्वळ पॉलिथिलीनच्या लॅमिनेटकडे वळले आहेत. एकच अडचण, एकच दिशा. दहा कारखाने एकाच रचनेवर पोचतील आणि अर्ज एकजण करील. म्हणून आजच्या पाठवणीपासून बिलावर थरांचा क्रम, रेझिनची जात आणि जाडी लिहा. जुन्या चलनांवर रचना नोंदलेली असेल, तर त्यांच्या प्रती आमच्याकडे पाठवा. नोटीस आलेल्या सभासदांना त्या याच महिन्यात हव्या आहेत.