आचार्य जावडेकर आणि संपाची नोटीस

आचार्य शंकर दत्तात्रेय जावडेकर यांचे नाव आज पदवीच्या वर्गात मुद्दाम सांगावे लागते. १८९४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील मलकापुरात जन्मलेल्या आणि आयुष्याचा मोठा काळ इस्लामपुरात काढलेल्या या विचारवंताने १९३८ मध्ये ‘आधुनिक भारत’ हा ग्रंथ लिहिला. साने गुरुजींच्या निधनानंतर रावसाहेब पटवर्धनांसमवेत त्यांनी ‘साधना’ही चालविली. १९५५ साली ते निवर्तले.

आर्थिक विषमतेचे मार्क्सने केलेले निदान त्यांनी गंभीरपणे घेतले. परंतु त्यावरील उपाय त्यांनी गांधीजींच्या मार्गात शोधला. या जोडणीला त्यांनी ‘सत्याग्रही समाजवाद’ असे नाव दिले. यातील ‘सत्याग्रही’ हे विशेषण शोभेचे नव्हते. शोषण थांबविण्यासाठी शोषितापाशी अहिंसक सामर्थ्य असलेच पाहिजे, हा त्याचा अर्थ होता.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप डॉ. आंबेडकरांच्या प्रतिपादनातून निघतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले होते, की घटनात्मक मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रहाला समर्थन उरत नाही. हा इशारा हलका नव्हे. परंतु त्याच भाषणात त्यांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगतीवरही बोट ठेवले होते. ती विसंगती कायम असताना कायद्याने मान्य केलेला संपाचा मार्गही अरुंद करीत गेल्यास काय उरते?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. आमच्या लहानपणी कोपरीतून वागळे इस्टेटमधील कारखान्यांत पाळीला जाणारी माणसे घरोघर होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार आता कोणत्याही आस्थापनेत संपापूर्वी किमान चौदा दिवसांची नोटीस आवश्यक आहे. पूर्वी हे बंधन सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरते होते. समेटाची बोलणी चालू असताना संप बेकायदा ठरतो. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही संपच मानली जाते.

लवचिक कायद्याने रोजगार वाढेल, असे आमच्याच व्यवसायातील अनेकजण म्हणतात. त्यात तथ्यांश असेल. बेबंद संप कामगारालाच बुडवितो, हे १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईला सांगावयास नको. नोटिशीची अटही मुळात अन्याय्य नव्हे. आक्षेप आहे तो एकतर्फीपणाला. कारखाना बंद करण्यापूर्वी शासनाची परवानगी घेण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेण्यात आली आहे. म्हणजे दोनशे नव्वद कामगारांच्या कारखान्याचा मालक रीतसर सूचना व भरपाई देऊन, शासनाला न विचारता, टाळे लावू शकतो. त्याच कारखान्यातील कामगार मात्र समेटाची तारीख पडली, की संपाचा हक्क खिशात ठेवून बसतो.