बघायचे कसले पैसे?

आपल्याकडे गाडी दुरुस्त होत नाही, गाडीचे पार्ट बदलले जातात. कुणाला झोंबलं तर झोंबू दे, पण आधी ऐका.

माझ्या मामांकडे २००८ सालचा डिझेल पिकअप आहे. ओतूरचा भाजीपाला माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारात न्यायचा, हे त्याचं काम. इंजिन जुन्या पद्धतीचं, मेकॅनिकल पंपाचं. कॉम्प्युटरची भानगडच नाही. गेल्या पावसाळ्यानंतर रात्रभर उभी राहिली की गाडी स्टार्ट व्हायला रडायला लागली. एकदा चालू झाली की मात्र दिवसभर ठणठणीत. गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली. मग हीटर प्लग. मग सेल्फ खोलला. शेवटी 'पंप-नोझल काम काढावं लागेल' असं जाहीर केलं. तोवर सतरा हजार गेले होते, आणि तीन खेपा माल भाड्याच्या गाडीने पाठवावा लागला होता.

आता मला सांगा, हापिसात बग आला तर आपण काय करतो? आधी सर्व्हर बदलतो, मग डेटाबेस, मग केबल? असं करणाऱ्याला मॅनेजर दुसऱ्याच दिवशी घरी बसवेल! आधी लॉग बघायचे, बग कधी येतो आणि कधी येत नाही ते शोधायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

जुनं डिझेल इंजिन तर त्याहून सोपं. त्याला हवा, डिझेल, कॉम्प्रेशन आणि वेळेवर फवारा, एवढंच लागतं. लॉग ते धुरातून लिहितं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर कूलंट आत शिरतंय. इंजिन मिसिंग करत असेल तर जाणता मिस्त्री ते चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट जरा सैल करतो. ज्याचा नट सैल केला तरी आवाज बदलत नाही, तो सिलेंडर कामचुकार! (हे घरी करू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.)

मामांची गाडी शेवटी एका म्हाताऱ्या पंप मिस्त्रीने बघितली. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी हातपंप मारून बघितला का?" दुसऱ्या दिवशी हातपंप मारला, गाडी पहिल्या सेल्फला चालू! म्हणजे बॅटरी, हीटर, सेल्फ सगळे निर्दोष. लाइन कुठेतरी एअर घेत होती, आणि रात्रीतून डिझेल टाकीकडे परतत होतं. त्याने लाइनमध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पाइप जोडला, आत बुडबुडे दिसले. तडकलेली वीतभर रबरी नळी आणि तांब्याची दोन वायसर बदलली. पाऊण तासात काम फत्ते. चारशे रुपये मागितले.

मामा म्हणाले, "दोन वायसरचे चारशे?"

खरं दुखणं इथे आहे, मंडळी. सतरा हजार मुकाट्याने दिले, कारण हातात खोकी आली, बिल आलं. ज्याने डोकं चालवलं त्याच्याशी मात्र घासाघीस! आणि मामांना काय बोलणार? आपण 'रूट कॉज अ‍ॅनालिसिस'च्या नावाखाली क्लायंटला तासावर बिल लावणारी माणसं, गॅरेजमध्ये गेलो की विचारतो, "नुसतं बघायचे कसले पैसे?" बघण्याचे पैसे मिळत नाहीत आणि पार्टवर कमिशन सुटतं, मग गॅरेजवाला बघेल कशाला?

'नव्या गाडीला स्कॅनर लावला की सगळं कळतं' असं म्हणणारे भेटतातच. कळत नाही हो! पी००८७ हा कोड फक्त एवढंच सांगतो की इंधनाचा दाब कमी आहे. फिल्टर तुंबलाय, लाइन एअर घेतेय, पंप थकलाय की सेन्सरच खोटं बोलतोय, ते माणसालाच शोधावं लागतं. कोड वाचून थेट पंप बदलणारा आणि न वाचता बॅटरी बदलणारा, दोघे एकाच माळेचे मणी.

असो. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये बिलावर 'तपासणी' अशी वेगळी ओळ मागा आणि ती रक्कम घासाघीस न करता द्या. आणि पार्ट बदलायच्या आधी एकच प्रश्न विचारा, "हाच खराब आहे हे कशावरून?" उत्तर न देताच त्याने पाना उचलला, तर चावी खिशात घाला आणि दुसरं गॅरेज गाठा.